भिंतीला लटकण्याआधी

पुण्यातला आमचा फ्लॅट, रत्नागिरीजवळचं मेव्हण्यांचं चिऱ्याचं घर आणि पनवेलला भाच्याने नव्याने घेतलेली टॉवरमधली जागा, अशा तीन तऱ्हेच्या भिंतींपाशी व्यायामाच्या साधनांसाठी लोखंडी फ्रेम उभ्या केल्या. पुल-अपचा बार, ओढायचे पट्टे, घडीची रॅक, जे ज्याला हवं ते. मी इंजिनिअर नाही. वेल्डर, गवंडी आणि आमच्या इमारतीचे आरसीसी कन्सल्टंट यांच्या मधे उभं राहून प्रश्न विचारणं, एवढंच माझं काम. त्यातून जे हाती लागलं ते खाली लिहिलं आहे. आकडे वाचायच्या सोयीसाठी टाकलेत, महत्त्वाचा क्रम तो नाही.

१. भिंत म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता आडोसा

आपल्याकडच्या नेहमीच्या आरसीसी इमारतीत भार वाहतात ते स्लॅब, बीम आणि कॉलम. मधली भिंत स्वतःचं वजन पेलून उभी असते, तेवढंच तिचं कर्तृत्व. खोल्यांमधल्या भिंती तर बऱ्याचदा चार इंचीच, आणि अलीकडच्या बांधकामांत त्या एएसी ब्लॉकच्या असतात. साइटवर याच ब्लॉकला सर्रास सिपोरेक्स म्हणतात. आत हवेचे बुडबुडे असल्यामुळे हा ब्लॉक हलका, घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो. काँक्रीटचं हेच वजन २,४०० किलोच्या आसपास जातं. ताकदीतला फरक त्याहून मोठा आहे. ब्लॉक चौरस मिलिमीटरला ४ न्यूटनच्या आसपास चिरडतो. बीमचं काँक्रीट एम-२५ असेल तर तो २५ चा आकडा त्याच हिशेबातला.

आमच्याकडे पहिल्यांदा आलेले फॅब्रिकेटर भिंतीवर थाप मारून म्हणाले, "साहेब, सहा फास्टनर मारतो, हत्ती लटकवा." लोखंडी फास्टनर काम करतो तो फुगून. बोल्ट आवळला की त्याची बाही पसरते आणि भोकाच्या कडांना दाबून धरते. काँक्रीटमध्ये ही पकड जबरदस्त बसते. ब्लॉकमध्ये मात्र भोकाच्या कडाच चुरा होतात आणि जितकं आवळावं तितकं ते सैल होत जातं. हत्ती राहिला बाजूला, आमचे कॉलेजमधले चिरंजीवही त्यावर लटकवायला मी तयार नव्हतो.

२. भिंतीची जात भुशावरून ओळखावी

प्लॅस्टर आणि रंगामागे काय आहे हे विक्रीच्या कागदांत सापडत नाही. कपाटामागे किंवा फ्रेमच्या प्लेटखाली झाकलं जाईल अशा जागी सहा मिलिमीटरचं एक भोक पाडून बघावं. लाल भुसा आला तर वीट. पांढुरका, पिठासारखा हलका भुसा आला आणि हॅमर बंद असतानाही बिट आत शिरत गेलं, तर ब्लॉक. राखाडी, बारीक पूड येऊन ड्रिल कुरकुरायला लागलं, तर काँक्रीट. यात एक फसगत संभवते. वरचं जिप्सम प्लॅस्टर किंवा पुट्टीही पांढरीच असते, त्यामुळे पहिल्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा भुसा मोजायचा नाही, त्याच्या पुढचा बघायचा.

पनवेलला सगळीकडे राखाडीच पूड निघाली. ती इमारत मिवान पद्धतीची होती, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेल्या. तिथे भिंत खरोखरच भार वाहते. काम सोपं झालं, पण परवानगीचा मुद्दा कडक झाला. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीही भोक पाडू नये. वायरींच्या नळ्या तिथूनच गेलेल्या असतात. पलीकडे बाथरूम असेल तर ती भिंतच सोडून द्यावी.

३. हिशेब एकदा कागदावर करून बघावा

हा मुद्दा लांबणार आहे, पण सगळ्या फ्रेमचं मर्म यातच आहे.

माणूस ८० किलोचा धरा. बार भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे हवा, कारण त्याहून जवळ असला तर वर जाताना गुडघे भिंतीवर आपटतात. हा माणूस नुसता लटकला तरी बसवलेल्या ब्रॅकेटवर दोन गोष्टी होतात. एक तर ८० किलो सरळ खाली ओढतात. दुसरं म्हणजे बार पुढे असल्यामुळे सगळं ब्रॅकेट भिंतीतून उलथून बाहेर येऊ पाहतं. या उलथवणाऱ्या जोराला इंजिनिअर मंडळी मोमेंट म्हणतात. ८० ला ०.६ ने गुणलं की ४८.

बाजारात मिळणाऱ्या ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये फार तर ३० सेंटिमीटर अंतर असतं. ४८ ला ०.३ ने भागलं की येतात १६०. म्हणजे लटकणारा माणूस ८० किलोचा, पण वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात १६० किलोने. झटका देऊन वर जाणाऱ्यासाठी हे सगळं दुप्पट धरा, असं कन्सल्टंटांनी बजावलं. झाले ३२०. वर बसवलेले बोल्ट हे रोज, वर्षानुवर्षं, दिवसातून कितीतरी वेळा सोसणार.

आता तोच बार दोन उभ्या पाइपांवर घ्या. पाइप खाली फरशीवर टेकलेले आणि वर बीमला बोल्टने धरलेले. खालच्या टेकूपासून वरच्या बोल्टपर्यंत उंची २.४ मीटर. ४८ भागिले २.४, उत्तर २०. झटका धरून ४०, आणि तेही दोन पाइपांत विभागलेले. खाली जाणारे ८० किलो पाइपांतून थेट फरशीवर उतरतात. भिंतीच्या वाट्याला काही उरतच नाही.

पुढचं सगळं या एका भागाकारातून निघतं. जास्त बोल्ट मारण्यापेक्षा दोन टेकूंमधली उंची वाढवणं कितीतरी पटीने उपयोगी पडतं. आपल्या तालमींच्या अंगणातला सिंगल बार आठवून बघा. दोन खांब, जमिनीत खोल पुरलेले, भोवती काँक्रीट. भिंतीशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. फ्लॅटमध्ये पुरायला जमीन नाही म्हणून वर बीमचा आधार घ्यायचा, इतकाच काय तो बदल.

४. अमेरिकेतल्या भिंतीचे व्हिडिओ बघून आपलं काम काढू नये

न्यू जर्सीला राहणाऱ्या मावसभावाने त्याच्या गॅरेजमध्ये अशी रॅक स्वतःच्या हाताने बसवली आणि मला हौसेने सगळी कृती पाठवली. त्याचं घर लाकडी सांगाड्याचं. भिंतीच्या आत दर १६ इंचांवर लाकडाचे उभे खांब, वर अर्धा इंच जिप्समचा पत्रा. तिकडची मंडळी आधी ते खांब शोधतात, त्यांच्यावर आडव्या जाड फळ्या लांब स्क्रूंनी पक्क्या करतात आणि मग फळ्यांवर रॅक बसवतात. रॅकची भोकं आणि खांबांची अंतरं जुळत नाहीत, म्हणून मधे फळी. तिथे ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे मात्र ब्लॉकच्या भिंतीवर आडवी फळी ठोकून काही साधत नाही. फळी दणकट होते, तिच्यामागची भिंत आहे तशीच राहते. व्हिडिओतल्या फळीमागे खांब आहे हे पडद्यावर दिसत नाही, म्हणून घोटाळा होतो.

५. बीम आणि भिंत एका पातळीत असतीलच असं नाही

नऊ इंची बीमखाली चार किंवा सहा इंची भिंत असली की एका बाजूला बीम भिंतीच्या पुढे येतो. काही खोल्यांत तो आपल्या बाजूला असतो, काहींत शेजारच्या खोलीत. पाइप बीमच्या चेहऱ्याला टेकवला तर भिंतीपासून तीन ते पाच इंच फट राहते. राहू द्यावी. मधे एक-दोन ठिकाणी लोखंडी तुकड्याचं पॅकिंग देऊन पाइप भिंतीला धरावा, तो फक्त थरथर थांबवण्यापुरता. बीम पलीकडच्या बाजूला असेल आणि आपल्याकडे सपाट भिंतच दिसत असेल, तर वरच्या भागात तीच बीमची बाजू असते, फक्त प्लॅस्टरने एकजीव झालेली. तिथेही भुसा बघूनच खात्री करावी.

खाली स्कर्टिंग आडवं येतं. स्कर्टिंगची फरशी फोडण्यापेक्षा पाइपची बैठक तितकी पुढे घेणं बरं. आणि फॅब्रिकेटरने मापं घेताना ओळंबा सोडलेला नसेल तर स्वतः सोडावा. आमच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत बोटभर फरक होता, आणि बिल्डरच्या ब्रोशरमध्ये इटालियन फिनिश लिहिलेलं होतं.

६. बीमला भोक पाडायचं तर आधी विचारायचं

बीम आपल्या घरात दिसत असला तरी तो सगळ्या इमारतीचा. मिवानच्या भार वाहणाऱ्या भिंतीलाही हेच लागू. सोसायटीला पत्र द्यावं, सोबत साधं रेखाचित्र जोडावं, शक्य असेल तर इमारतीच्या कन्सल्टंटांचा होकार घ्यावा. १२ मिलिमीटरचे चार बोल्ट हे त्यांच्या दृष्टीने किरकोळ काम, पण कुठे मारायचे हे तेच सांगू शकतात. बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात, म्हणून तळापासून निदान चार-पाच इंच वर, बीमच्या मधल्या पट्ट्यात भोक घ्यायचं. त्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा साधारण दर चार ते आठ इंचांवर येतात. सळई शोधायचं यंत्र भाड्याने मिळतं, ते फिरवून पेन्सिलने खुणा कराव्यात.

तरीही ड्रिल सळईला लागलं तर तिथेच थांबायचं. ड्रिलवाला म्हणतो, "थांबा, दुसरा बिट लावतो, कापतो." कापू द्यायचं नाही. भोक बाजूला सरकवायचं आणि सोडलेलं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवायचं. यासाठी प्लेटवर चार भोकांच्या जागी सहा आधीच पाडून आणावीत आणि ती गोल न ठेवता आडवी लांबट ठेवावीत. सगळ्या कामात ही एक युक्ती मला सर्वांत मोलाची वाटली. तिला खर्च काहीच नाही.

पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल, म्हणजे आत ताणलेल्या तारा असतील, तर स्लॅबला हातच लावायचा नाही. पोडियमवर किंवा मोठ्या हॉलच्या इमारतीत हे आवर्जून विचारून घ्यावं.

७. केमिकल अँकरमध्ये केमिकलपेक्षा झाडू महत्त्वाचा

केमिकल अँकर म्हणजे काँक्रीटच्या भोकात रसायन भरून त्यात चिकटवलेला बोल्ट, म्हणजे स्टड. भोकातली पूड काढली नाही तर महागातलं रसायन पुडीला चिकटतं, काँक्रीटला नाही. फुंकायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं, आणि हे परत एकदा. मग रसायन तळापासून वर भरत यायचं, स्टड फिरवत आत घालायचा आणि नळीवर तापमानाप्रमाणे छापलेला वेळ होईपर्यंत त्याला स्पर्श करायचा नाही. कामगारांना हा शेवटचा भाग सर्वांत अवघड जातो. त्या वेळात चहा पाजावा.

८. पाइप घेताना

उभ्या खांबांना ५० बाय ५० चा चौकोनी एमएस पाइप, ३ मिलिमीटर जाडीचा, घरगुती कामाला भरपूर होतो. मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो आणि सहा मीटरच्या लांबीत मिळतो. फॅब्रिकेटर गेजमध्ये बोलतात. "सोळा गेज चांगला जाड असतो" असं ऐकलं की लक्षात ठेवावं, तो १.६ मिलिमीटरच असतो. खिडकीच्या ग्रिलला तो चालतो.

बारसाठी एक इंची बी क्लास पाइप घेतला. नाव एक इंची, पण बाहेरून तो ३३.७ मिलिमीटर असतो. मुठीत नीट बसतो, लहान हाताच्या माणसाला किंचित जाड वाटतो. दोन खांबांमधलं अंतर चार फुटांपलीकडे नेलं तर मधे झोळ जाणवायला लागतो. बारवर ऑइलपेंट लावू नये, घामाने तो निसरडा होतो आणि पुढे सोलतो. बाकी फ्रेमला रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग.

गंज नको म्हणून जीआय पाइप घ्यायचा मोह होतो, विशेषतः कोकणात. वेल्डिंग करताना त्याच्यावरचं जस्त जळून जो धूर निघतो त्याने वेल्डरला थंडी-ताप भरतो. सांध्यापाशी जस्त घासून काढूनच, मोकळ्या हवेत जोडकाम करायला सांगावं. दूध प्यायलं की धूर उतरतो अशी या धंद्यात समजूत आहे. दूध जरूर द्यावं, पण जस्तही घासायला लावावं.

९. लिफ्ट मोजावी

वर्कशॉपमध्ये देखणी, एकसंध वेल्ड केलेली फ्रेम आठव्या मजल्यावर जाणार कशी? खांब, आडवे पाइप आणि बारचे हात वेगळे आणून जागेवर नट-बोल्टने जोडायचे. घरात वेल्डिंग केलं तर ठिणग्यांचे काळे ठिपके फरशीवर कायमचे राहतात.

१०. चिऱ्याच्या घरात दुसरा न्याय

मेव्हण्यांचं घर तळमजल्याचं, भिंती जांभ्या दगडाच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर राहून कडक होत जातो, पण अंगभर छिद्रं असतात. एका ठिकाणी बिट टणक लागतं, बोटभर अंतरावर भसकन आत जातं. फुगणाऱ्या फास्टनरचा तिथे भरवसा नाही. चिरा जाड असतो, म्हणून आरपार बोल्ट घालून बाहेरच्या बाजूला चांगली मोठी प्लेट द्यायचा पर्याय होता. मेव्हण्यांना बाहेरून प्लेटा दिसणं पसंत नव्हतं. मग पडवीच्या कडेला दोन खड्डे खणून खांब काँक्रीटमध्ये पुरले आणि वर आडव्या पाइपाने जोडले. पडवीच्या वाशाला फक्त एका पट्टीने धरलं. मेव्हणे आता त्यावर टॉवेल वाळत घालतात, पण भाचरं लटकतात.

जुन्या वाड्यांतल्या माती-चुन्याच्या भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. तिथे स्वतंत्र उभी राहणारी फ्रेमच करावी.

११. ओढ कोणत्या दिशेला आहे ते बघावं

बारवर लटकताना फ्रेमचा माथा बाहेर झुकतो आणि पाय भिंतीकडे दाबले जातात. म्हणून खालच्या बैठकीला फारसं धरून ठेवायची गरज पडत नाही. सहा इंच बाय सहा इंचाची सहा मिलिमीटर जाड प्लेट, खाली रबर, पुरे. घराच्या स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला २०० किलोच्या चालत्या भारासाठी केलेलं असतं, त्यामुळे ही फ्रेम आणि एक माणूस यांची त्याला चिंता नाही. फरशी तेवढी वाजवून बघावी. पोकळ वाजली तर जागा थोडी बदलावी.

पट्टे धरून मागे झुकायचा व्यायाम वेगळा. त्यात ओढ सरळ बाहेरच्या दिशेला असते आणि ती जवळजवळ सगळी बीममधल्या बोल्टवर येते. रबरी बँड घोट्याच्या उंचीवर अडकवले की खालची बैठक बाहेर ओढली जाते. हे करायचं असेल तर बैठकीलाही फरशीखालच्या काँक्रीटपर्यंत पोचणारे बोल्ट हवेत. त्यामुळे फॅब्रिकेटरला बोलावण्याआधी घरात कोण काय करणार हे विचारून घ्यावं. आमच्याकडे "फक्त पुल-अप्स" असं ठरलं होतं. फ्रेम उभी राहिल्यावर मुलगी बँड घेऊन आली. बैठकीच्या प्लेटला भोकं आधीच होती, म्हणून निभावलं.

ज्यांच्या घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत, स्लॅब ओतताना सळईत अडकवून ठेवलेल्या, त्यांनी पट्ट्यांसाठी वेगळं काही करू नये. कडी गंजून झिजलेली नाही ना एवढं बघावं. त्या काळच्या गवंड्यांनी चार माणसांच्या झोपाळ्याचा विचार केलेला असतो.

१२. बॉक्सिंगची बॅग या फ्रेमवर नको

बॅगचा प्रत्येक ठोसा बीममधून वरच्या आणि खालच्या घरात पोचतो. नट सैल होतात ते वेगळंच. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेबाहेरचा विषय व्हायची हौस असेल तर गोष्ट निराळी.

१३. माणसाआधी सिमेंटची पोती

५० किलोचं एक पोतं, मग दुसरं, मग तिसरं, असं बारला दोरांनी बांधून टांगायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. टांगण्याआधी प्रत्येक प्लेटच्या कडेने बारीक पेन्सिलची रेघ मारायची. सकाळी रेघ आणि प्लेट यांत फट दिसली, तर तो अँकर काढून पुन्हा करायचा. भिंत आणि बीमच्या सांध्यात केसासारखी रेघ दिसली तर दचकू नये. दोन वेगळ्या मालांच्या सांध्यात ती बहुतेक घरांत आधीपासून असते, आपण कधी निरखून बघितलेली नसते. बीमच्या अंगावर, बोल्टभोवती रेघ दिसली तर मात्र वापर थांबवून कन्सल्टंटांना फोन करायचा.

पहिल्या महिन्यात एकदा आणि नंतर दर पावसाळ्यानंतर सगळ्या नटांना पाना लावून बघावा. केमिकल अँकरचे नट गरजेपेक्षा जास्त आवळू नयेत, त्यांचा आकडा कंपनीच्या कागदावर दिलेला असतो.

१४. भाड्याच्या घरात

यातलं काहीही करू नये. चार पायांचा सुटा टॉवर आणावा, त्याच्या मागच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकाव्यात आणि घर बदलताना टेम्पोत घालून न्यावा. डिपॉझिट परत मागताना घरमालकांना बीममधली भोकं समजावून सांगत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.